मामाचा हात

हवालदाराची नक्कल मला फार छान जमायची. आता सांध्यांतून कुरकुर ऐकू येते आणि जिना चढताना कठडा लागतो, म्हणून कुणाचा विश्वास बसत नाही. पण आमच्या गल्लीत मी पोटाला उशी बांधून, डोक्यावर भाकरीची दुरडी उपडी घालून चालायला लागले की बायका हातातली धुणी टाकून बाहेर येत. ही कला मी शिकले दत्ता टेलरच्या घरी. आमचं गाव कर्नाटकातलं, निपाणी आणि संकेश्वरच्या मधलं, तंबाखूच्या वखारींचं; घरी मराठी, सरकारदरबारी कन्नड. तिथं थेटर नव्हतं. दत्ता टेलर बेंगळुरात कपडे शिवायच्या कारखान्यात काही वर्षं काढून परत आला होता आणि येताना एक रंगीत टीव्ही घेऊन आला होता. रविवारी दुपारी तो निपाणीहून व्हिडिओचं यंत्र भाड्यानं आणायचा. शिवणाचं मशीन भिंतीला सरकवून, कापडाचे तुकडे झाडून, अख्खी गल्ली त्याच्या शेणानं सारवलेल्या जमिनीवर मांडी घालून बसायची.

मारामारीचे सिनेमे असत, रडारडीचे असत, पण गल्लीची फर्माईश एकच : पोलिसाचा विनोदी. अशा सिनेमात हवालदार जाडाच असायचा. पट्टा पोटाखाली, टोपी एका कानावर. चोर ज्या बाजेखाली लपलाय त्याच बाजेवर बसून तो भजी खायचा. शिट्टी फुंकायचा तर तिच्यातला मणी हरवलेला, नुसतीच हवा फुसफुसायची. साहेब आला की डाव्या हातानं सलाम. आणि सिनेमातलं प्रत्येक माणूस, चोरापासून भाजीवालीपर्यंत, त्याला मामा म्हणायचं. साहजिकच आम्हीही म्हणत होतो. खराखुरा पोलीस सायकलवरून गल्लीच्या तोंडाशी दिसला तरी पोरं 'मामा आला रं' म्हणून पळत.

पोलिसाला मामा का म्हणतात, यावर सिनेमा सुटल्यावर दत्ता टेलरच्या पायरीवर चर्चा रंगायची. दत्ता म्हणायचा, "मामा घरला आला की खातोय, पितोय आणि जातोय. त्याला इचारता येतं का काय, का आलास म्हणून? म्हणून मामा." आमचे आप्पा वखारीत पोती वाहायचे, कमी बोलायचे, त्यांचं मत असं की मामा हा माणूस लग्नात नेमका गरजेच्या वेळी सापडत नाही आणि पोलीसही सापडत नाही. माझी थोरली बहीण सुमन, आमची आक्का, म्हणायची की पोरं सुट्टीला मामाकडं राहायला जातात तसे चोर यांच्याकडं राहायला जातात. सगळे हसायचे. आई मात्र तिथं कधीच नसायची. पडद्यावर खाकी दिसली की ती उठायची आणि घरी जाऊन घासलेलीच भांडी पुन्हा घासायची. तिला सिनेमाच आवडत नाही असं मी कितीतरी वर्षं समजत होते. पण लाल बसमध्ये कंडक्टर जवळ आला तरी ती पदर कपाळापर्यंत ओढायची आणि तिकिटासाठी मलाच पुढं करायची, हे मला तेव्हाही दिसत होतं. कंडक्टरचा शर्टही खाकीच.

आई वखारीत तंबाखू चाळायची. तिच्या लुगड्याला, केसांना, तिनं थापलेल्या भाकरीलासुद्धा तो उग्र वास असायचा. संध्याकाळी ती दारात उभी राहून आधी दहा-बारा शिंका द्यायची, तोंडातला तंबाखूचा खकाणा चूळ भरून टाकायची आणि मगच घरात पाऊल टाकायची. त्या शिंका मोजत मी चुलीवर आधण ठेवायची. शेंगांची चटणी, भाकरी, कधी अंबाडीची भाजी. जेवताना आम्ही बहिणी बडबडायचो आणि भिंतीवरचा बुद्ध डोळे मिटून ऐकायचा. आक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, बाभळीसारखी उंच आणि पायानं चपळ. उसाच्या फडाकडच्या रस्त्यावर ती पहाटे पळायला जायची. का पळतेस म्हणून कुणी विचारलं तर म्हणायची, "बरं वाटतंय."

का पळत होती ते कळलं ती बेळगावहून कुंद्याचा पुडा घेऊन आली त्या दिवशी. आप्पांना सांगून आणि आईला न सांगता तिनं पोलीस भरतीचा अर्ज भरला होता. पळण्यात पहिली आली होती, कन्नडच्या पेपरात पास झाली होती. निवड झाली होती. मी टुणकन उडी मारली. आप्पांनी पुडा बुद्धापुढं ठेवला. आई चुलीसमोरच्या पाटावर खाली बसली ती बसूनच राहिली.

"पोलिसात?" ती म्हणाली. "तू?"

"व्हय गं आई. कायम नोकरी हाय. तू वखार सोड आता."

कुंद्याचा तुकडा आईनं हातात धरून ठेवला होता, तो हाताच्या उबेनं मऊ पडून बोटांना चिकटला.

मग दत्ता टेलरनं एक गोष्ट सांगितली आणि आमच्या घराचं तोंडचं पाणी पळालं. निवड म्हणजे नोकरी नव्हे. ठाण्यातून एक पोलीस घरी येणार, घर बघणार, शेजाऱ्यांना विचारणार, आणि कागदावर 'चालचलन' नावाचा रकाना असतो तो भरणार. त्या रकान्यात एक वाकडा शब्द पडला की सगळं संपलं. "व्हेरिफिकेशन म्हणत्यात त्येला," दत्ता म्हणाला.

त्या दिवसापासून आमच्याकडं सिनेमा बंद, नक्कल बंद. उशी परत अंथरुणात आणि दुरडी भाकरीकडं गेली. आईनं घर दोनदा सारवलं. शेजारणींना एकेक करून भेटून आली. आणि मला समोर बसवून तिनं पढवलं. घरात कन्नड नीट येणारी मी आणि आक्का, आणि आक्कानं स्वतः पुढं पुढं करणं बरं दिसलं नसतं.

"दारात आला की तूच म्होरं व्हायचं. या म्हणायचं, बसा म्हणायचं. आणि मामा म्हणायचं."

"मामा? खऱ्या पोलिसाला? तोंडावर?"

"व्हय. पोलिसाला मामा म्हणावं." ती असं म्हणाली की मी हसायचं विसरले. "इसरू नगंस. पयलं मामा म्हणायचं, मग बाकीचं."

तो आला गुरुवारी, भर दुपारी. आईनं आठवडाभर वखारीत खाडा केला होता. ती चुरमुऱ्यांचा सुशला परतत होती आणि घरभर कढीपत्त्याचा वास होता. मी दारात धान्य निवडत होते. सावली पडली म्हणून वर पाहिलं. खाकी. पण सिनेमातला नव्हे. पोट नाही, टोपी सरळ, कपड्यांना कडक इस्त्री, विशी नुकतीच ओलांडलेला सडपातळ माणूस, काखेत वही. त्याच्याकडं हसण्यासारखं काहीही नव्हतं. आणि मला जी भीती वाटली ती अजून आठवते : हातातली ज्वारी सुपात पडत होती आणि मला ती थांबवता येत नव्हती. मी उठले आणि पाठ केलेलं घडाघडा म्हणाले, "बर्री मामा, कूड्री मामा."

या मामा, बसा मामा. एवढंच. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग बदलला.

"एनंदे?" काय म्हणालीस?

मला वाटलं ऐकू गेलं नसेल. मी मोठ्यानं म्हणाले, "मामा!" गल्लीतली दोन-तीन कार्टी मागं गोळा झाली होती. त्यांना माझी नक्कल ठाऊक. त्यांना वाटलं खेळ सुरू झाला. ती खिदळत ओरडायला लागली, "मामा! मामा!"

तो एक पाऊल पुढं आला. "यारु हेळिकोट्टिद्दु निनगे?" कुणी शिकवलं तुला?

आणि मी बोट दाखवलं. आईकडं. ती आतून ताटली घेऊन बाहेर येत होती, पदर कपाळावर, नजर जमिनीवर. एवढ्या वर्षांत मी खूप चुका केल्या, नोकरीत केल्या, संसारात केल्या. पण ते बोट आठवलं की अजून मी हात पदराखाली घेते. त्यानं आईकडं पाहिलं, वही बंद केली आणि तो गेला. पाणी नाही, सुशला नाही, एक शब्द नाही. ताटली आईच्या हातात तशीच राहिली.

संध्याकाळी दत्ता टेलर आप्पांना परसात घेऊन गेला. मी न्हाणीच्या पत्र्याआड उभी राहून ऐकलं. "आप्पा, त्यो खालचा हाय. म्हैसूरकडचा. तिकडं मामा म्हंजे काय ठावं हाय का?" मग त्यानं आवाज आणखी खाली आणला, पण पत्रा पातळ होता. तिकडं बाजारी बोलीत मामा म्हणजे बायांचा दलाल. "बेंगळुरात मी म्हटलंतं एकाला चुकून. कानाखाली जाळ काढला त्येनं. आन् हितं चार पोरं रस्त्यात वरडल्यात. त्येला वाटलं असंल, मुद्दाम शिकवून ठेवलंय."

आप्पांनी विडी पेटवली आणि ती तशीच विझू दिली.

पुढचे दिवस कसे गेले ते नीट सांगता येणार नाही. घरात कुणी मला रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. आक्का पहाटे उठायची, पण पळायला जायची नाही. तिचे पांढरे कॅनव्हासचे बूट धुऊन कुंपणाच्या भिंतीवर ठेवलेले होते, ते वाळून कडक झाले तरी तिथंच होते. सायकलची घंटी वाजली की मी दाराआड व्हायची. वाटायचं, आता आईला धरून नेणार, कारण मी तिच्याकडं बोट दाखवलंय. शाळेत कन्नडच्या तासाला मास्तर बोलत असत आणि मी प्रत्येक शब्दाकडं संशयानं बघत असे : हाही दुसऱ्या गावात दुसरंच काही निघाला तर?

सोमवारी सकाळी आईनं ठेवणीतलं लुगडं नेसलं. "चल," मला म्हणाली.

"कुठं?"

"ठाण्यात."

आप्पा उठून उभे राहिले. "मी जातो की. तू कशापायी?"

"म्या शिकवलंय," आई म्हणाली. "म्याच जानार."

कंडक्टरला घाबरणारी माझी आई त्या दिवशी बाजारातून, सगळ्यांच्या देखत, ठाण्याकडं चालत गेली. तिनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बांगडी रुतून वळ उठला. फाटकाशी तिचे पाय थांबले. ती कडुलिंबाखाली उभी राहून जोरजोरात श्वास घेत होती. मला वाटलं आता परत फिरेल, आणि खरं सांगायचं तर मी मनातून तेच म्हणत होते. पण तिनं शिंकल्यासारखं नाक झाडलं आणि पायरी चढली.

तो आतच होता, टेबलाशी लिहीत. शेजारी आमच्याच भागातले एक वयस्क हवालदार पान जुळवत बसले होते. आईला कन्नड बाजारापुरतं येत होतं, भाजीचं आणि वजनाचं. ती टेबलासमोर हात जोडून उभी राहिली. "तप्पातु साहेब," म्हणाली. चूक झाली. मग शब्द संपले. तिनं माझ्याकडं पाहिलं, मी तिच्या पदराआड सरकले. शेवटी तिनंच छातीवर हात ठेवला आणि एकेक शब्द वेचून बोलली, "मामा अंद्र... नन्न तम्म."

मामा म्हणजे माझा धाकटा भाऊ.

त्यानं पेनाला टोपण लावलं. मग आई मराठीत सुरू झाली आणि ते वयस्क हवालदार तिचं बोलणं कन्नडमध्ये सांगत गेले. ती जे बोलली ते मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होते. वखारीतल्या बाया एकदा संप करून रस्त्यावर बसल्या होत्या. कुठून कुठून पोलीस आणले होते, कुणाचं तोंड ओळखीचं नव्हतं. काठ्या सुरू झाल्या. एकजण आईच्या पुढ्यात आला, काठी वर गेली. "तवा ही पोटात होती," आई माझ्याकडं न बघता म्हणाली. "म्या वरडलो, मामा, मारू नगा. माझ्या पोटात तुमचं भाचरू हाय. मामानं भाच्याला मारलं तर म्हातारपनी हात थरथरतोय, आमच्यात म्हणत्यात. त्येची काठी तितंच ऱ्हायली. बाजूला गंगू बसलीती. ती काय बोलली न्हाय. तिच्या मनगटावर काठी बसली. त्या हातानं तिनं परत चाळन धरली न्हाय." आईनं ओठ पुसले. "म्हणून पोरीला शिकवलं, पयलं मामा म्हण. श्या द्याया न्हाय ओ साहेब. भ्या वाटतंय म्हणून."

वयस्क हवालदारांनी शेवटचं वाक्य कन्नडमध्ये सांगायला जरा वेळ लावला. मी टेबलाकडं बघत होते. दत्ताच्या पायरीवरची मतं, दुरडी, उशी, मणी हरवलेली शिट्टी सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं आणि मला लाज वाटली. ज्या शब्दावर मी गल्ली हसवत होते त्याच शब्दानं मी जन्माला आले होते.

त्या पोलिसानं कप्पा उघडला, आक्काचा कागद काढला. चालचलनाचा रकाना कोराच होता. चार दिवस त्यानं तो कोरा ठेवला होता. त्यानं पेनाचं टोपण काढलं, लिहिलं, आणि आईला वाचून दाखवलं, "नडते... उत्तम." पहिला शब्द, म्हणजे चालचलन, आईला कळला नाही. दुसरा कळला. मग तो उठला आणि म्हणाला, "टी कुडितीरा, अक्का?" चहा घेणार का, आक्का? ठाण्यातल्या बाकावर बसून आईनं चहा घेतला. पेला दोन्ही हातांनी धरला होता तरी निम्मा चहा लुगड्यावर सांडला. परत येताना ती बाजारात दोनदा बसली. घरी येऊन तिला ताप भरला, तो तीन दिवस उतरला नाही.

आक्का ट्रेनिंगला गेली. पहिल्या सुट्टीला ती न कळवता आली, आम्हाला चकित करायचं म्हणून वर्दीतच. दिवे लागायच्या आधीची वेळ होती, आई भाकरी थापत होती. दारात उजेडाकडं पाठ करून कुणीतरी खाकीतलं उभं राहिलं. मी चेहरा ओळखून ओरडणार तोच आई उठली होती. पिठाचे हात जोडून, मान खाली घालून ती म्हणाली, "या मामा, बसा मामा. मारू नगा."

आक्काची टोपी हातातून पडली. "आई, मी हाय गं. सुमी." आईनं वर पाहिलं, पाहतच राहिली, मग कसंनुसं हसली आणि म्हणाली, "व्हय की. मला दिसलंच न्हाय." भाकरी तव्यावर करपली. त्यानंतर आक्का गल्लीच्या तोंडाशीच दत्ता टेलरकडं जाऊन कपडे बदलायची आणि साडीत घरी यायची. आई होती तोवर तिनं आमच्या उंबऱ्याच्या आत खाकी कधी आणली नाही.

आता आई नाही, आप्पा नाहीत. मी मास्तरकी करून बेळगावात निवृत्त झाले, आक्का पिरनवाडीत लेकाकडं असते. तिचा नातू मोबाईलवर पोलिसांचे विनोदी तुकडे बघत खिदळत असतो. हेल्मेट नसलं की 'मामा उभे आहेत' असा मित्रांना निरोप पाठवतो. पूर्वीसारखाच जाडा हवालदार, पूर्वीसारखीच शिट्टी. मीही हसते. खोटं कशाला सांगू, हसू येतं.

मागच्या महिन्यात तिच्याकडं गेले तेव्हा तिनं चहा आणला. कप बशीवर किणकिणत होता. तिचा उजवा हात थरथरत होता, मनगटापासून. मी बघितलं आणि लगेच खिडकीबाहेर बघायला लागले. सुनेनं सांगितलं, डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात, वयाचं आहे म्हणाले. सून आत गेली. मला ते विचारायचं नव्हतं. पण माझं बघणं आक्काला लहानपणापासून कळतं.

"एकदाच," ती म्हणाली. "लई गर्दी होती. काठी चालवायचा हुकूम आलता."

मी तिच्यासमोरचा कप बाजूला सरकवला.

"पुरुष पोलिसांच्या समोर बाया मामा, मामा वरडत होत्या गं. ते जरा थांबत होते." तिनं थरथरता हात दुसऱ्या हातानं धरून मांडीवर ठेवला. "माझ्या पुढ्यात एक पोरगी होती. तोंड उघडून नुसती बघत ऱ्हायली माझ्याकडं. तवा आमी बाया नव्या होतो. आमाला काय म्हणायचं, त्ये तिला ठावंच नव्हतं."